डिकीचं बेळकं

जुन्या गाडीच्या डिकीचं झाकण उघडं ठेवायला काय लागतं? एक काठी. याच्यापुढे या विषयावर बोलण्यासारखं काही नाही, असं मला आजही वाटतं. पण आमच्या घरी या विषयावर सहा-सात वर्षं चर्चा झाली, बैठका झाल्या, मुंबईच्या वाऱ्या झाल्या. चार शिकलेसवरलेले पुरुष त्यावर डोकी खाजवत बसायचे आणि मी त्यांना चहा करून द्यायची. म्हणून मला हे लिहायचा अधिकार आहे.

आधी एक गोष्ट सांगून टाकते. तोंडावर मी नवऱ्याला 'अहो' म्हणते. इथे मात्र एकेरीत लिहिणार आहे, कारण या हकिकतीत त्याने अहो-जाहो करण्यासारखं काहीही केलेलं नाही.

आमची जमीन नाशिकजवळ, मखमलाबादच्या बाजूला. थोडी भाजी, बाकी सगळी फुलं: झेंडू, शेवंती, बांधाला मोगरा. सासरे मी लग्न होऊन येण्याआधीच गेले होते. शेत सासूबाईंनी सांभाळलं आणि फुलं विकून मुलाला शिकवलं. मुलगा शिकला आणि सातपूरला ऑफिसात खुर्चीवर बसायला लागला. खुर्चीवर बसला की माणसाला आपण मातीतून आलो याची लाज वाटते, आणि ती लाज झाकायला तो एखादा शौक शोधतो. माझ्या नवऱ्याने जुनी गाडी शोधली.

नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. देवळाली कॅम्पात एक म्हातारे गृहस्थ बंगला विकून मुलाकडे परदेशी निघाले होते. त्यांच्या पडवीत ही गाडी ताडपत्रीखाली उभी होती. गोल पाठीची, हिरवट रंगाची, माझ्या जन्माच्या आधीची. नवरा तिच्याभोवती तीन रविवार फिरला. घरात टेम्पोसाठी बाजूला ठेवलेले पैसे होते. त्या काळात सासूबाई फुलांच्या पाट्या भाड्याच्या रिक्षातून बाजारात न्यायच्या आणि रिक्षावाला रोज नवा नखरा करायचा, म्हणून टेम्पो घ्यायचं ठरलं होतं. एका रविवारी संध्याकाळी टेम्पोऐवजी ही गाडी दारात आली.

सासूबाई ओट्यावर बसून वेण्या करत होत्या. त्यांनी मान वर करून पाहिलं.

"ह्येच्यात फुलं कशी न्यायची रं?"

"आई, डिकी बघ की केवढी आहे. टेम्पोपेक्षा जास्त माल मावेल."

हे त्याचं पहिलं आश्वासन. अर्धं खरं होतं. डिकी खरोखर मोठी होती, आत एक म्हैस नाही पण रेडकू मावलं असतं. राहिलेलं अर्धं असं की डिकीचं झाकण उघडं राहत नव्हतं. ते जुन्या जाड पत्र्याचं, हौदावरच्या झाकणासारखं जड होतं. बिजागरीच्या स्प्रिंगा मेलेल्या होत्या आणि झाकणाला टेकू द्यायची जी मूळची लोखंडी दांडी असते, ती कुठेतरी हरवलेली होती. हात सोडला की झाकण धाडकन खाली.

आता सासूबाईंच्या हातांबद्दल सांगायला हवं. मी सायखेड्याची. माझ्या माहेरीही फुलं होती, हार-गजरे मी लहानपणापासून पाहिलेत, पण असे हात पाहिले नव्हते. बोलता बोलता, न बघता, उजव्या हाताच्या दोन बोटांत दोरा फिरायचा आणि वेणी लांबत जायची. पंचवटीत गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, उतारावर त्यांची बसायची जागा ठरलेली होती. बायका घरून निघताना ठरवून निघायच्या की वेणी घ्यायची ती याच बाईकडून, कारण ती रात्रीपर्यंत सुटत नाही. सुटी फुलं कुणीही विकतं. आमचं घर त्या वेण्यांवर, म्हणजे त्या दोन बोटांवर चालत होतं. नवऱ्याचा पगार गाडीच्या पोटात जात होता.

गाडी आल्यापासून दुकान डिकीतच लागायला लागलं. ऑफिसला जायच्या आधी नवऱ्याने गाडी उताराच्या कडेला लावायची, डिकी उघडायची, आत पाट्या मांडलेल्याच असायच्या. सासूबाई मागे पाटावर बसायच्या. उघड्या झाकणाची डोक्यावर सावली पडायची. दिवसभर त्यांचा हात डिकीत जायचा, फूल उचलायचा, बाहेर यायचा. तो हात ज्या झाकणाखालून जात-येत होता ते झाकण कशाच्या आधारावर उभं आहे, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा होता. मला होता, त्यांना होता. ज्याची गाडी होती त्याला मात्र दुसराच प्रश्न पडला होता: मूळची दांडी कुठे मिळेल?

सुरुवातीला जे हाती येईल ते लावलं. छत्री लावली, ती वाकली. केरसुणीचा दांडा लावला, तो घसरला. शेजारच्या घरातून क्रिकेटचा स्टंप आणला, तो बरा होता, पण खालचं टोक पत्र्यावर गोल फिरायचं. तेव्हा एक दिवस सासूबाई शेतात गेल्या आणि येताना बेळकं घेऊन आल्या.

बेळकं म्हणजे वरून दोन फाटे फुटलेलं लाकूड. फळांनी वाकलेल्या फांदीला, कपड्यांच्या दोरीला, पडायला आलेल्या मांडवाला आमच्याकडे तेच लावतात. हे बाभळीचं होतं. त्यांनी ते कोयत्याने मापात तोडलं, साल काढली, खालचं टोक सपाट केलं आणि वरच्या दोन फाट्यांना जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली, लेकाच्या गाडीचा रंग जाऊ नये म्हणून. झाकणाची कड दोन फाट्यांच्या मध्ये बसली, खालचं टोक डिकीच्या तळाला कोपऱ्यात रुतलं. त्यांनी झाकणाला दोन्ही हातांनी लोंबकळून पाहिलं. ते हललं नाही. विषय तिथे संपला होता.

पण संपला असता तर चौकडीचं काय झालं असतं?

चौकडी म्हणजे माझा नवरा आणि त्याच्यासारखेच आणखी तीन. एकाची कॉलेज रोडला कपड्यांची पेढी, एक निवृत्त इंजिनियर, एक वकील. प्रत्येकाच्या दारात एकेक जुनी गाडी आणि प्रत्येकाच्या तोंडात एकच शब्द, 'ओरिजिनल'. त्यांची सभा दर रविवारी कुणा ना कुणाच्या अंगणात भरायची. चौघे एका गाडीचं बॉनेट उघडून भोवती उभे राहायचे, कमरेवर हात ठेवून, सुतकाला आल्यासारखे. कुणी हात काळे करायचं नाही. हात काळे करायला द्वारका चौकाजवळचा मिस्त्री होता. यांचं काम मत देणं. या स्क्रूचं डोकं ओरिजिनल नाही, या काचेवरचा शिक्का नंतरचा आहे. पंक्चर झालं की मात्र चौघेही रस्त्यावर हात वर करून उभे. उंटावरचे शहाणे म्हणतात ते हेच. फक्त यांनी उंटालाही पॉलिश केलं होतं.

आमच्या अंगणातल्या सभेत पेढीवाल्यांनी डिकी उघडली आणि बेळकं पाहिलं.

"हे काय? जळण ठेवलंय का गाडीत?"

नवरा हसला. ते हसणं मी अजून विसरलेली नाही. "आईचं आहे," तो म्हणाला. "गावाकडची सवय. ओरिजिनल दांडी मिळेपर्यंत चालवून घेतोय."

सासूबाई दहा पावलांवर झेंडूच्या पाकळ्या झटकत होत्या. त्यांनी ऐकलं. मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते, मीही ऐकलं. ज्या बाईने बेळकी लावून लावून शेत सांभाळलं आणि त्यातून या माणसाला शिकवलं, तिची सवय म्हणे गावाकडची. मी त्या दिवशी चहात साखर घातली नाही. चौघांनीही तो चहा मुकाट प्यायला. चहा ओरिजिनल आहे असं त्यांना वाटलं असावं.

मग सल्ले सुरू झाले. इंजिनियरांनी कागदावर आकृती काढली, त्यात बाण होते. त्यांच्या मते झाकणाचा भार नीट विभागला जात नव्हता. वकिलांचं म्हणणं, नव्या गाड्यांना असतो तसा दाबाचा दट्ट्या बसवावा. त्यावर बाकीचे तिघे असे चवताळले की जणू त्यांनी देवळात चपला घालून जायचं सुचवलं. पेढीवाल्यांनी साखळीने झाकण मागे बांधायचं सुचवलं. पण साखळी बांधायची कशाला? गाडीच्या मागे काही नव्हतं, फक्त जग होतं. या सगळ्या गदारोळात बेळकं आपलं काम करत होतं. सभेच्या दिवशी नवरा ते मागच्या सीटखाली लपवायचा आणि सोमवारी पहाटे सासूबाई ते काढून घ्यायच्या.

अशी काही वर्षं गेली. एका चैत्रात गंगेवर वावटळ आली होती. बाजूच्या दुकानांच्या ताडपत्र्या उडाल्या, एका हातगाडीची छत्री थेट पात्रात गेली. आमच्या डिकीचं झाकण शिडासारखं फुगून थरथरत होतं आणि बेळकं त्याच्याखाली ठाम उभं होतं. सासूबाईंनी हात बाहेरसुद्धा काढला नाही. घरी आल्यावर त्यांनी बेळक्यावरची फाटलेली चिंधी काढून नवी बांधली. "लय चांगलं हाय गं हे," एवढंच म्हणाल्या.

त्याच वर्षी भाद्रपदात ओरिजिनल दांडी मिळाली.

ती आणायला चौघे मुंबईला गेले होते. जुन्या भंगाराच्या बाजारात दोन दिवस हिंडून, वर्तमानपत्रात गुंडाळून, तान्ह्या बाळासारखी मांडीवर घेऊन आणली. दोन तुकड्यांची लोखंडी दांडी, मध्ये सांधा. झाकण पूर्ण वर उचललं की सांधा सरळ होऊन खाचेत अडकायचा. बंद करताना झाकण आणखी जरासं वर ढकललं की खाच सुटायची आणि झाकण खाली यायचं. मिस्त्रीने ती बसवली. चौघांनी टाळ्या वाजवल्या. मी जवळ जाऊन पाहिलं. खाच झिजलेली होती, बोटाने चाचपली तरी कळत होतं.

"ही सुटेल की," मी म्हणाले.

"पन्नास वर्षं सुटली नाही, आता सुटेल?" इंजिनियर म्हणाले.

"पन्नास वर्षं ही गाडीवर नव्हतीच, भंगारात होती," मी म्हणाले. त्यावर ते माझ्याकडे पाहून हसले. लहान मूल मोठ्यांमध्ये बोललं की हसतात तसं.

नवऱ्याने बेळकं उचललं आणि बंबाकडे निघाला. पाणी तापवायला. सासूबाईंनी त्याला वाटेत अडवलं.

"जाळू नको. पूजेत ठेवू."

इथे आमच्या घरची रीत सांगते. खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते, ती पुष्कळांकडे असते. विळे, खुरपी, कोयते, कुदळ, फावडं सगळं धुऊन, पाटावर मांडून हळदकुंकू वाहायचं. पण आमच्याकडे ती रीत कडक होती. एकदा पूजलेलं हत्यार दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं वाटून होईपर्यंत उचलायचं नाही. वर्षभर राबलेल्याला दीड दिवसाची विश्रांती. म्हणून झेंडूची तोडणी आम्ही अष्टमीलाच आटोपायचो आणि नवमी-दसरा फक्त विक्री. वर्षातले सगळ्यात मोठे दोन दिवस. नाशकातली सारी फुलं त्या दोन दिवसांत एकीकडे आणि बाकी वर्षाची एकीकडे.

त्या नवमीला सासूबाईंनी कोयत्याच्या शेजारी बेळकं मांडलं. त्याला कुंकू लावलं, चिंधीवर झेंडूचं फूल खोवलं. मला ते बघून बरं वाटलं. आणि लगेच ती झिजलेली खाच आठवली.

"आई, आजच्या दिवस सोबत घेऊया. उद्या पूजू."

"पूजलं गं. आता हात लावायचा नाय. अन् त्यानं आणलीय की ती दांडी, दोन दिवस मुंबईत हिंडून." लेकाने आपल्यासाठी काहीतरी आणलं, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. त्याने गाडीसाठी आणली होती. आईच्या मनाला हा फरक समजावून सांगता येत नाही, मी प्रयत्नही केला नाही.

गंगेचा उतार माणसांनी भरला होता. आमची डिकी भगव्या-पिवळ्या फुलांनी काठोकाठ भरलेली. झाकण दांडीवर उभं होतं आणि नवरा येणाऱ्या-जाणाऱ्याला दांडी दाखवत होता. गर्दीतून एक उंच बाई पुढे आल्या. आतली फुलं नीट दिसावीत म्हणून त्यांनी, कुणीही करेल तसं, डोक्यावरचं झाकण जरासं वर ढकललं.

खाच सुटली. सासूबाईंचा हात आत होता.

आवाज मोठा झाला नाही. खाली फुलं होती ना. सासूबाई ओरडल्याही नाहीत, फक्त पाटावरून अर्ध्या उठल्या आणि तशाच राहिल्या. नवऱ्याने धावत येऊन झाकण वर केलं, हे खरं आहे, ते मी नाकारत नाही. पण हात बाहेर निघाल्यावर त्याने दुसरी नजर कुठे टाकली ते मी पाहिलं. झाकणाच्या कडेवर. रंग उडालाय का ते बघायला. एक निमिषभरच. त्या निमिषात मला त्याची किळस आली, आणि ती पुढे बरेच दिवस गेली नाही.

उजव्या हाताची दोन बोटं, तीच दोन. हाडं जुळली, पण बोटं वाकायची थांबली. डॉक्टर म्हणाले, एवढं वाचलं हे नशीब. डॉक्टरांना वेणी म्हणजे काय ते माहीत नसावं.

चौकडी भेटायला आली. सफरचंदं आणली होती. सासूबाई खाटेवर, हात उशीवर, आणि हे लोक त्यांच्यासमोर खुर्च्या ओढून बसले. पहिली पाच मिनिटं तब्येतीची झाली. मग इंजिनियरांनी खिशातून पेन काढलं.

"दोष दांडीचा नाही. गाडी उतारावर होती. सपाटीला असती तर खाच सुटली नसती."

"आणि त्या बाईंनी हात लावायला नको होता," वकील म्हणाले. "दुसऱ्याच्या वाहनाला."

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मी शाळेत शिकले होते. तिचं चित्र मात्र त्या दिवशी पाहिलं, चार खुर्च्यांवर बसलेलं, सफरचंदाच्या फोडी खाताना. होय, त्यांनीच आणलेली सफरचंदं त्यांनीच खाल्ली. नवरा मान हलवत होता. सासूबाई छताकडे बघत होत्या. मी खुर्च्या उचलायला लागले, माणसं अजून बसलेली असताना. तेव्हा कुठे ते उठले.

त्यानंतरचं वर्ष मला आठवायला आवडत नाही. बाजारात मी बसायला लागले, झाकणाला बेळकं लावून. माझ्या वेण्या दुपारपर्यंत सुटायच्या. बायका यायच्या, वेणी हातात घेऊन ओढून बघायच्या आणि ठेवून द्यायच्या. "म्हातारी नाय का?" विचारायच्या. घरी सासूबाई ओट्यावर बसून दोरा घेऊन झगडायच्या. डाव्या हाताने करून पाहिलं, जमलं नाही. पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवून पाहिलं. दोन ताठ बोटं मधेच आडवी यायची, फूल निसटायचं, त्या परत उचलायच्या. मी समोर बसलेली असले की थांबायच्या, म्हणून मी आत जायची. त्या परत बाजारात बसतील की नाही, एवढा एकच प्रश्न घरात होता आणि कुणी तो उच्चारत नव्हतं. नवरा ऑफिसातून येऊन त्यांच्याजवळ बसायचा, काहीतरी बोलायचा. रविवारच्या सभेला जाणं त्याने बंद केलं नाही. फक्त आता जाताना सांगून जात नव्हता.

श्रावणाच्या सुमाराला त्यांनी वाट काढली. अंगठा आणि करंगळीशेजारचं बोट. वेग निम्माही नव्हता, पण गाठ तीच होती. पहिली पुरी झालेली वेणी त्यांनी माझ्या हातात दिली. मी ती ओढून पाहिली, जोरात. ती सुटली नाही. मी रडले. त्या म्हणाल्या, "तोडशील ना."

आणि मग परत खंडेनवमी आली.

सकाळी पाट मांडला. विळे, खुरपी, कोयते, शेवटी बेळकं. सासूबाई कुंकू लावत होत्या तेवढ्यात नवरा आला. हातात ती दांडी, पॉलिश करून चकचकीत केलेली. सांध्यावर त्याने ठिबकच्या काळ्या नळीचा वीतभर तुकडा सरकवला होता. दांडी सरळ झाली की नळी सांध्यावर ओढायची, मग खाच सुटली तरी सांधा वाकत नाही. साधा, फुकटचा उपाय. शेतात नळीची वेटोळी पडलेली होती, ती दांडी आली त्या दिवशीही पडलेली होती. वर्ष लागलं. आईची दोन बोटं लागली.

"आता नाही सुटणार आई," तो म्हणाला आणि दांडी पाटावर कोयत्याशेजारी ठेवली.

सासूबाईंनी ताठ बोटांनीच ती पाटावरून खाली सरकवली. फरशीवर वाजली.

"ह्येनं काय काम केलं?"

त्याने दांडी उचलून कोपऱ्यात ठेवली.

गाडी भरली. सासूबाई वर्षानंतर पहिल्यांदा बाजारात निघाल्या होत्या. मी बेळक्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"पूजलेलं हाय."

"मग डिकी?"

त्यांनी लेकाकडे बोट केलं, त्याच न वाकणाऱ्या बोटाने. "त्यो हाय ना."

माझा नवरा त्या दिवशी गंगेच्या उतारावर डिकीचं झाकण हातांनी धरून उभा राहिला. सकाळपासून. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, तो दहा वाजायच्या आत पाठीला चिकटला. आधी एका हाताने धरलं, मग दोन्ही, मग डोकं लावलं, मग खांदा. झाकणाची सावली सासूबाईंच्या डोक्यावर पडत होती. त्या पाटावर बसून अंगठा आणि त्या बोटाने सावकाश वेणी करत होत्या. त्यांचा हात त्या झाकणाखालून आत जायचा, फूल उचलायचा, बाहेर यायचा. दर वेळी हात आत गेला की नवऱ्याचे दंड ताठ होताना मी पाहत होते. वर्षभर जे मी त्याच्या तोंडावर शोधत होते ते त्या दिवशी दिसलं. भीती.

ओळखीच्या बायका आल्या. "आलीस का गं बाई?" म्हणाल्या आणि वेणीसाठी थांबून राहिल्या, पूर्वी कधी थांबल्या नव्हत्या तेवढा वेळ. झाकण धरलेल्या माणसाकडे बघून कुणी विचारलं, "हा कोण?" सासूबाई म्हणाल्या, "आज ठेवलाय."

दुपारी चौकडीतले उरलेले तिघे आले. दर दसऱ्याला त्यांच्या गाड्यांना आमच्याकडून फुकट तोरणं जात. नवऱ्याला तशा अवस्थेत बघून पेढीवाले म्हणाले, "अरे, दांडी कुठाय? नळी बसवलीस ना?"

"घरी आहे," नवरा म्हणाला.

"मग लाव की. असा काय उभा राहिलास?"

नवऱ्याने खाली आईकडे पाहिलं. ती फूल निवडत होती. "आज नाही," तो म्हणाला. इंजिनियरांनी झाकणाकडे आणि त्याच्या हातांकडे पाहून भाराबद्दल काहीतरी सांगायला सुरुवात केली, पण त्यांचं ऐकायला कुणाचा हात रिकामा नव्हता. तिघांनी तोरणं मागितली. मी त्या वर्षी पैसे घेतले.

ऊन तापलं तसा तो सारखा खांदा बदलायला लागला. मी पाणी दिलं नाही. द्यायला सुचलं होतं, पण दिलं नाही. शेवटी तो हळूच म्हणाला, "आई, दोन मिनिटं खाली घेऊ का?"

सासूबाईंनी मान वर केली नाही. "लाकूड इचारतं का रं?"

त्याने खाली घेतलं नाही. तेव्हा मात्र मी तांब्या त्याच्या तोंडाला लावला, कारण त्याचे हात मोकळे नव्हते.

ऊन कलेपर्यंत माल संपला. पाट्या रिकाम्या झाल्या, सासूबाईंनी हात डिकीतून शेवटचा बाहेर काढला आणि म्हणाल्या, "टाक आता." त्याने झाकण सावकाश टेकवलं. त्याचे दोन्ही तळवे लाल झाले होते, कडेचा वळ उठला होता. ते तळवे तो आईसमोर धरून उभा राहिला. काय हवं होतं त्याला कोण जाणे. पाटीच्या तळाशी पूजेतली कुंकवाची पुडी होती, सासूबाईंचा हात तिच्याजवळून गेला. मला वाटलं, आता ही बाई विरघळणार आणि त्याला कुंकू लावणार. शेवटी आईच ती.

त्यांनी पुडी कनवटीला लावली आणि गाडीत जाऊन बसल्या.

"एका दिवसात कुनी हत्यार होत नाय," त्या म्हणाल्या. "उद्या दसरा हाय. पहाटे निघायचंय, परत उभा राहा."